डावा काठ की उजवा?

"मी ५६ वर्षांची, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, मिरजेत राहते. गेली चार वर्षं सायकल चालवते. रविवारी नरसोबाच्या वाडीला जाऊन येते, चाळीसेक किलोमीटर होतात. लेक म्युनिकला असते. पुढच्या वर्षी महिनाभर तिच्याकडे जाणार आहे. त्यातले आठ-नऊ दिवस काढून पासाऊ ते व्हिएन्ना हा डॅन्यूबकाठचा सायकलमार्ग एकटीने करावा असं फार मनात आहे. घरात कुणालाच पटलेलं नाही. हे म्हणतात, जायचंच तर ग्रुप टूरबरोबर जा. जावई म्हणतात, ई-बाइक घ्या. लेक म्हणते, मी गाडी घेऊन मागे मागे येते. मला जर्मन येत नाही, पंक्चर काढता येत नाही, मी मांसाहार करत नाही आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटते. पण जायचंय एकटीनेच. का, ते मलाच नीट सांगता येत नाही. जाऊ का?"
– एक वाचक, मिरज

ताई, जा.

आणि 'का' ते सांगता येत नसेल तर सांगू नका. बँकेत इतकी वर्षं प्रत्येक एंट्रीला कारण लिहिलं असेल. इथे तो रकाना कोराच राहू द्या.

मी हा मार्ग ५८ व्या वर्षी केला, सप्टेंबरात, एकटीने. त्यामुळे पुढचं सगळं ऐकीव नाही. पहिल्याच दिवशी दोनदा पडले, तेही सांगते, कारण त्यात तुमच्या कामाची गोष्ट आहे.

तिकडच्या भाड्याच्या सायकलींना बऱ्याचदा उलट्या पेडलचा ब्रेक असतो. पेडल मागे फिरवलं की मागचं चाक जागच्या जागी आवळतं. आपल्याला सिग्नलला थांबलं की पेडल उलटं फिरवून पाय सोयीच्या जागी आणायची सवय. पासाऊबाहेर पहिल्याच वळणावर मी तेच केलं आणि बॅगांसकट आडवी झाले. दुसऱ्यांदा तासाभराने, तीच चूक. एक आजोबा सायकल थांबवून आले, माझं हँडल सरळ करून दिलं, हाताने उलटं पेडल करून 'नाइन, नाइन' म्हणाले आणि गेले. जर्मनचा तो माझा पहिला धडा. तेव्हा बुकिंग करतानाच लेकीला विचारायला सांगा: ओने र्‍युकट्रिट, म्हणजे हा ब्रेक नसलेली सायकल आहे का? नसेल तर दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत अर्धा तास चालवून बघा आणि मगच बॅगा लावा. कोणत्या हाताला पुढचा ब्रेक आहे तेही तेव्हाच बघून घ्या. आणि तिकडे वाहतूक उजवीकडून. सरळ रस्त्यावर हे लक्षात राहतं. चहा पिऊन परत निघताना हमखास विसरतं.

आता रस्ता. पासाऊ ते व्हिएन्ना सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. तुम्ही वाडीला जाऊन येता तेवढंच रोज, फक्त सलग आठ दिवस आणि मागे दहा-बारा किलो सामान. 'सगळा उताराचा रस्ता आहे' असं तुम्हाला लोक सांगतील. पासाऊ साधारण ३०० मीटर उंचीवर, व्हिएन्ना १६० च्या जवळपास. म्हणजे किलोमीटरमागे अर्धा मीटरही उतार नाही. तो पायाला कळत नाही. कळतो तो वारा, आणि तो बहुतेक दिवस पश्चिमेकडून येतो, म्हणजे तुमच्या पाठीमागून. म्हणूनच जवळजवळ सगळे पासाऊहून निघतात, व्हिएन्नाहून उलटे फारसे कुणी येत नाहीत. जावईबापूंच्या ई-बाइकची त्यामुळे गरज नाही. शिवाय ई-बाइक भरते पंचवीसेक किलो. एकटीने प्रवास करणाऱ्याची खरी परीक्षा रस्त्यावर नसते, ती रेल्वे स्टेशनच्या बंद पडलेल्या लिफ्टसमोर असते. जी सायकल तुम्हाला चार पायऱ्या उचलता येत नाही ती घेऊ नका.

तयारी म्हणून निघण्याआधी दोन महिने, शनिवारी वाडी आणि रविवारी पुन्हा वाडी, असं करा. मागे खरोखरच्या बॅगा लावून, त्यात तांदळाच्या पिशव्या टाकून. एका दिवसाचे चाळीस किलोमीटर तुम्हाला येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सीटवर पुन्हा बसणं, हे शिकायचं आहे. पॅडवाली शॉर्ट घ्या, तिच्या आत दुसरं काही घालू नका (आपल्याकडच्या बायकांना हे कुणी सांगत नाही आणि मग जखमा होतात), व्हॅसलीनची डबी वरच्या कप्प्यात ठेवा.

पासाऊला एक दिवस आधी पोचा. तिथे तीन नद्या एकत्र येतात. इल्झ उत्तरेकडून येते, दलदलीतून आल्यामुळे काळसर. इन आल्प्समधून येते, दुधाळ हिरवी. आणि मधे डॅन्यूब. गंमत म्हणजे सरासरीने बघितलं तर इन डॅन्यूबपेक्षा जास्त पाणी घेऊन येते, तरी पुढे नाव डॅन्यूबचंच चालतं. तुम्हाला-मला हे वेगळं समजावून सांगायला नको. जुन्या टाउन हॉलच्या भिंतीवर पुराच्या खुणा आहेत, त्याही बघा. जून २०१३ चा पूर १२.८९ मीटरवर गेला होता, १५०१ नंतरचा सगळ्यात मोठा. कृष्णेकाठच्या माणसाला त्या भिंतीसमोर दुभाषा लागणार नाही. पावसाचे दिवस लागले तर नदीलगतची वाट बंद होते, हेही तिथेच मनात पक्कं करा. २०२४ च्या सप्टेंबरात व्हिएन्नाच्या अलीकडे, टुल्न गावाच्या बाजूला मोठा पूर आलाच होता. तेव्हा हॉटेलं सगळी आगाऊ पैसे भरून ठेवू नका. पहिली रात्र, शेवटच्या दोन रात्री आणि शनिवारची रात्र एवढं पक्कं करा, बाकी आदल्या दिवशी. जुलै-ऑगस्ट टाळा, मे-जून किंवा सप्टेंबरची सुरुवात बरी.

आता खरी गोष्ट. या मार्गाला बऱ्याच ठिकाणी दोन्ही काठांवर वाट आहे. नकाशात नदी एकच निळी रेघ दिसते, पण रोज सकाळी तुम्हाला ठरवावं लागतं, डावा काठ की उजवा. मधे पूल थोडे, काही ठिकाणी फक्त होडी, तीही हंगामातच. एका काठाला सावली, दुसऱ्या काठाला गावं. एका काठाला शांतता, दुसऱ्या काठाला मोटाररस्ता चिकटलेला. ग्रुप टूरमध्ये हे कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं. नवऱ्याबरोबर गेलात तर तुम्ही म्हणाल, 'तुम्हाला काय वाटतं?' आणि ते म्हणतील, 'तुला जे बरं वाटेल ते,' आणि शेवटी त्यांना बरं वाटेल त्या काठाने तुम्ही जाल. (आमच्याकडे तरी असंच होतं.) तुम्हाला एकटीने का जायचंय याचा माझा अंदाज हा आहे. चुकला असेल तर सोडून द्या.

म्हणून पहिले दोन दिवस कुणाला काही न विचारता स्वतः ठरवून बघा, चुकलं तर चुकलं. माझं मत हवंच असेल तर पासाऊहून डाव्या काठाने निघा. श्लोगनला नदी डोंगराला आपटून जवळजवळ मागे वळते, आणि त्या वळणाच्या आतल्या बाजूला झाडी थेट पाण्यापर्यंत उतरलेली असते. डाव्या काठाची वाट तिथे तुटते आणि होडी घ्यावी लागते. पहिल्या दिवसाचे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर तिथेच संपवा. आजूबाजूला रेल्वे नाही, तेव्हा त्या भागात दमून बसायची वेळ आणू नका. त्यानंतर लिंझ. लिंझच्या अलीकडे ओटेन्सहाइमपासून वाट मोटाररस्त्याच्या कडेने जाते, गोंगाट आहे, पटकन उरका.

लिंझच्या पुढे माउटहाउझेन. इथे थोडं थांबून बोलते. नदीकाठचं गाव सुंदर आहे, रंगीत घरं, कॅफे, खुर्च्या पाण्याकडे तोंड करून मांडलेल्या. आणि गावामागच्या टेकडीवर १९३८ ते १९४५ नाझींची छळछावणी होती. एक लाख नव्वद हजारांच्या आसपास माणसं तिथे आणि तिच्या शाखाछावण्यांत डांबली गेली, त्यातली किमान नव्वद हजार मेली. ग्रॅनाइटची खाण होती, तिच्या १८६ पायऱ्या कैद्यांना दगड पाठीवर घेऊन चढाव्या लागत. त्याआधी तुम्ही गुझेनवरून जाल. तिथेही छावणी होती. त्या जमिनीवर आज बहुतेक ठिकाणी साधी बंगलेवजा घरं आहेत, अंगणात झोपाळे, कुंपणाला जास्वंदीसारखं काहीतरी फुललेलं. मधे एक स्मारक. मी ते न कळता ओलांडून गेले होते, पाटी बघून परत आले.

जायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पण गेलात तर दोन गोष्टी. टेकडीचा चढ खडा आहे, बॅगा गावातल्या मुक्कामी ठेवून जा. आणि त्या दिवशी पुढे आणखी तीस-पस्तीस किलोमीटर मारायचे आहेत असा बेत करू नका. मी केला होता. ग्राइनपर्यंतचा तो सगळा पट्टा मला आठवतच नाही. नदी होती एवढं आठवतं. तिथून बाहेर पडल्यावर बोलायला कुणी नसतं, आणि एकटं जाण्याची किंमत मला त्या दुपारी जेवढी कळली तेवढी दोनदा पडूनही कळली नव्हती.

तुमची भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण कसली असेल ते ओळखू शकते. चोरी, छेडछाड, अंधार. दिवसा या वाटेवर सत्तरीची जोडपी, शाळेतली पोरं, मागच्या गाडीत कुत्रा बसवलेले बाप, असे सगळे असतात. मला कुठेही वावगा अनुभव आला नाही. अंधार पडल्यावर मात्र चालवू नका, झाडीतल्या वाटांवर दिवे नसतात. तातडीचा नंबर ११२, तो सगळीकडे चालतो. पण या मार्गावर अवघड काय असेल तर दुपारचे तीन ते रात्रीचे नऊ. चाळीस किलोमीटर तीनपर्यंत संपतात. अंघोळ होते, कपडे धुऊन वाळत पडतात, आणि मग? ग्राइनला मी जेवायला गेले. दोघांचं टेबल होतं. वाढणाऱ्या बाईने मी एकटीच आहे हे बघितलं आणि समोरची काटा-सुरी, ग्लास, घडी घातलेला रुमाल उचलून नेला. तिचं काहीच चुकलं नाही, ती रोज तसंच करत असेल. पण त्या रिकाम्या झालेल्या अर्ध्या टेबलाकडे बघत जेवणं मला जड गेलं.

दुसऱ्या दिवसापासून मी संध्याकाळचं जेवण सहा वाजताच, बाहेरच्या लांब बाकावर घ्यायला लागले. वाखाऊ खोऱ्यात द्राक्षबागावाल्यांची घरगुती खानावळ असते, होयरिगर म्हणतात. चालू असली की दारावर झाडाच्या फांद्यांची जुडी टांगतात. तिथे लांब टेबलं असतात, अनोळखी माणसं शेजारी येऊन बसतात, 'इंडिया?' म्हणतात. जर्मन येत नाही हे तिथे उपयोगीच पडतं, कारण मग हातवारे करावे लागतात आणि हातवारे करताना माणसं हसतात. आणि एक सांगते, एकटं वाटलं की लगेच घरी फोन करू नका. अर्ध्या तासाने करा.

खाण्याचं थोडक्यात. 'इश एस्से काइन फ्लाइश उंड काइन श्पेक' हे वाक्य लेकीकडून घोटवून घ्या. श्पेक म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस; 'मांस नको' म्हटलं तरी त्याचे तुकडे बटाट्याच्या सॅलडमध्ये येऊ शकतात. फ्रिटाटनझुप्पे नावाचं सूप दिसतं धिरड्याच्या पट्ट्यांचं, पण असतं गाईच्या हाडांच्या पाण्यातलं. मी अर्धं प्यायल्यावर विचारलं. चीजचं केजस्पेट्झले बहुतेक ठिकाणी मिळतं. आणि मारिलनक्नोडल चुकवू नका: आख्खं जर्दाळू चक्क्यासारख्या चीजच्या पिठात गुंडाळून उकडतात आणि लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवतात. मोदकाची लांबची मावसबहीण. रविवारी किराणा दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच पाव, चीज, फळं घेऊन ठेवा. गावातल्या खानावळीवर 'रुहेटाग' दिसलं की त्या दिवशी सुट्टी. आणि मेन्यूवर 'राडलर' दिसेल, त्याचा अर्थ सायकलस्वार असा आहे खरा, पण ग्लासात येते लिंबूपाणी घातलेली बियर.

पंक्चर: मिरजेतल्या सायकलवाल्याकडे बसून ट्यूब बदलायला दोनदा शिका, पुढच्या चाकाची. मागच्या चाकात गिअर आणि ब्रेकची गुंतागुंत असते, त्यासाठी दुकान गाठायचं. भाड्याच्या सायकलींचे टायर जाड असतात. मला एकही पंक्चर झालं नाही, तुमचं नशीब तुमच्याबरोबर. लिंझनंतर कंटाळा आला, पाऊस लागला, गुडघा बोलला, तर जवळच्या स्टेशनवरून सायकलसकट लोकल गाडी पकडा. सायकलचं वेगळं तिकीट लागतं. यात कमीपणा काही नाही. मी क्रेम्स ते टुल्न गाडीने गेले आणि वाटेतलं झ्वेन्टेनडॉर्फ हुकलं याचं वाईट वाटलं. तिथे पूर्ण बांधलेला अणुवीज प्रकल्प आहे जो कधी सुरूच झाला नाही. १९७८ च्या सार्वमतात लोकांनी ५०.५ टक्क्यांनी नको म्हणून सांगितलं. तुम्ही बघून या.

मेल्कचा पिवळा मठ आणि त्याचं ग्रंथालय बघायला अर्धा दिवस राखून ठेवा, आणि मेल्कपासून क्रेम्सपर्यंतचे पस्तीसेक किलोमीटर मुद्दाम दोन दिवसांत करा. हेच वाखाऊ. सगळे डाव्या काठाने जातात, कारण श्पिट्झ, वायसनकिर्शन, ड्युर्नश्टाइन तिकडे आहेत. मी म्हणेन, श्पिट्झपर्यंत डावीकडून जा आणि तिथे तराफा घेऊन उजवीकडे या. त्या तराफ्याला इंजिन नाही. नदीवर उंच आडवी तार आहे, तराफा तिला बांधलेला. नावाडी त्याचं तोंड प्रवाहाला किंचित तिरकं करतो आणि नदीच त्याला पलीकडे ढकलत नेते. आवाज फक्त पाण्याचा आणि तारेवरच्या चाकाचा. गूळ कढवायच्या काहिलीत बसून कृष्णा ओलांडलेल्यांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. इथे वल्हंही नाही. उजव्या काठाला जर्दाळूच्या बागा आहेत, गर्दी नाही, आणि समोर पाण्यापलीकडे ड्युर्नश्टाइनचा निळा मनोरा दिसत राहतो. वर डोंगरावर किल्ल्याचे अवशेष. इंग्लंडचा राजा रिचर्ड धर्मयुद्धावरून परतताना ११९२ च्या डिसेंबरात व्हिएन्नाजवळ पकडला गेला आणि इथे कैदेत राहिला. त्याच्या खंडणीची चांदी व्हिएन्नाच्या तटबंदीला लागली. म्हणजे तुम्ही ज्या शहराकडे निघाला आहात त्याच्या भिंतीचे पैसे या डोंगरावरून गेले.

व्हिसाचं एक महत्त्वाचं. महिनाभरात जास्त रात्री लेकीकडे जर्मनीत असतील तर अर्ज जर्मनीकडे करायचा, सायकलचा मार्ग बहुतेक ऑस्ट्रियात असला तरी. विमा किमान ३०,००० युरोचा लागतोच. त्यात भाड्याच्या सायकलवरचा अपघात बसतो का ते पॉलिसीच्या बारीक अक्षरात वाचा. बँकेत होतात, वाचता येईल.

आणि घरचे. यजमानांशी वाद घालू नका, त्यांना एक कागद द्या. रोजचं गाव, अंदाजे अंतर, फोनची वेळ. उन्हाळ्यात तिकडचे सहा म्हणजे मिरजेत साडेनऊ. त्यावर आणखी एक ओळ लिहा: फोन आला नाही तर किती वाजेपर्यंत काळजी करायची नाही. ही ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. मोबाइलवर लोकेशन चालू ठेवा, पण त्यावरून 'तू अजून त्याच गावात का?' असं विचारायचं नाही, हेही कागदावरच लिहा.

लेकीच्या गाडीचं म्हणाल, तर मागे मागे नको. तिला आणि जमलं तर यजमानांनाही व्हिएन्नाला बोलवा. फक्त कुठे ते नीट सांगा. लोकांना वाटतं डॅन्यूब शहराच्या मधून वाहते. तसं नाही, मुख्य नदी बाजूने जाते आणि जुन्या शहराला लागून जातो तो डॅन्यूब कालवा. नुसडॉर्फला कालवा फुटतो, तिथून काठाकाठाने सहा-सात किलोमीटर आत आलं की श्वेडनप्लाट्झ चौक. त्यानंतर सेंट स्टीफन्स या मोठ्या चर्चपर्यंत दहा मिनिटं सायकल हातात धरून चालायचं. शहरात ट्रामचे रूळ आडवे, काटकोनातच ओलांडा; चाक रुळात अडकलं की माणूस थेट तोंडावर. सगळ्या प्रवासात मला सगळ्यात जास्त जपावं लागलं ते तिथे.

घरच्यांना नुसडॉर्फला थांबू देऊ नका. ते म्हणतील, तिथे पार्किंग मिळतं. श्वेडनप्लाट्झलाच थांबायला सांगा.